दूरच्या समुद्राचा संथ हेलकावा

१८९१ च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानची लोकसंख्या २४ लाख १५ हजारांवर होती. १९०१ च्या खानेसुमारीत ती १९ लाख ५२ हजार भरली. दहा वर्षांत वाढ होणे दूरच, जवळजवळ पाचातला एक माणूस उणा झाला. प्लेगने त्याच सुमारास पश्चिम हिंदुस्थान पोखरला होता हे खरे. पण मुख्य घाव विक्रम संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळाचा होता. गुजरातेत त्याला आजही ‘छप्पनियो’ म्हणतात. सयाजीराव महाराज स्वतः दुष्काळी मुलखात फिरले. त्या दौऱ्याची त्यांची इंग्रजी टिपणे पुढे छापलीही गेली. एका सुशिक्षित, कर्तबगार राज्यकर्त्याने तळमळीने केलेली पाहणी म्हणून ती वाचावीत. आभाळ का बरसले नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या काळी कोणाहीजवळ नव्हते. बडोद्याच्या त्या दुष्काळामागे हजारो कोसांवरच्या समुद्राचे तापमान असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी येण्याचे कारणच नव्हते.

हे पुस्तक त्या समुद्रांबद्दल आहे. समुद्राचे पाणी वीस-तीस वर्षे किंचित गरम आणि पुढची वीस-तीस वर्षे किंचित गार राहते. हा फरक अंशाच्या काही दशांशांचा असतो. किनाऱ्यावर पाय बुडवून उभ्या राहिलेल्या माणसाला तो कधीच कळणार नाही. तरीही त्यामुळे पावसाच्या पिढ्या बदलतात. ‘पावसाच्या पिढ्या’ हे मी विचार करून म्हणतो आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०६ पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदी तपासून देशाच्या मोसमी पावसाची १८७१ पासूनची सलग मालिका सिद्ध केली. माझ्या मते भारतीय विज्ञानातल्या मोठ्या आणि अबोल कामांपैकी हे एक आहे. या मालिकेत ज्या वर्षी पाऊस सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक घटला ते वर्ष दुष्काळी, असा निकष लावून पाहा. १८७७ नंतर १८९८ पर्यंत असे एकही वर्ष नाही. मग १८९९, १९०१, १९०४, १९०५, १९११, १९१८, १९२० : बावीस वर्षांत सात. त्यानंतर १९२१ ते १९६४ या चव्वेचाळीस वर्षांत फक्त दोन, १९४१ आणि १९५१. आणि पुन्हा १९६५, ६६, ६८, ७२, ७४, ७९, ८२, ८५, ८६, ८७ : तेवीस वर्षांत दहा. महाराष्ट्रात ज्याचे नाव काढले की अजून सुकडी आणि खडी फोडण्याची कामे आठवतात, तो १९७२ चा दुष्काळ या शेवटच्या झुंडीतला. १९८८ ते २००१ पुन्हा मोकळी.

सयाजीराव १८७५ साली गादीवर आले आणि १९३९ साली वारले. त्यांची कारकीर्द चौसष्ट वर्षांच्या आसपास भरते. भरल्या पावसाची दोन दशके, मग कोरडी दोन दशके, मग पुन्हा भरल्या पावसाचे दिवस. एका राजवटीत जवळजवळ एक आख्खा हेलकावा येऊन गेला. शहराला पाणी देणारे आजव्याचे धरण त्यातल्या पहिल्या, भरल्या काळात बांधले गेले. ते बांधणाऱ्यांनी हाताशी असलेल्या नोंदींवरून हिशेब केला असणार, आणि त्या नोंदी सुकाळाच्या होत्या. कोणत्याही पिढीचा अभियंता याहून वेगळे काय करणार? आपण ज्याला ‘सरासरी पाऊस’ म्हणतो तो बहुधा आपल्या वाट्याला आलेल्या एका बाजूच्या हेलकाव्याची सरासरी असतो. मला या पुस्तकात जे सांगायचे आहे त्याचे मूळ इथे आहे.

पावसाला एवढी लांबची आठवण येते कुठून? हवेला ती नसते. आजच्या हवेची खूण पंधरा दिवसांनी शोधून सापडत नाही. म्हणूनच रोजच्या हवामानाचा अंदाज दोन आठवड्यांपलीकडे जात नाही. आठवण राहते ती पाण्यात. जमिनीपासून आभाळाच्या टोकापर्यंतचे सगळे वातावरण एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच उष्णता समुद्राचा वरचा जेमतेम तीन मीटरचा थर एक अंशाने तापवायला लागते. आणि वाऱ्याने घुसळला जाणारा समुद्राचा वरचा थर साधारण पन्नास ते शंभर मीटर जाडीचा असतो. त्याच्याखाली आणखी तीन-साडेतीन किलोमीटर पाणी आहे, आणि तेही अगदी स्वस्थ नाही.

वारा, ऊन, ढग, पाऊस यांचे समुद्राशी देणे-घेणे रोज चालते आणि त्याला काही ठरावीक ताल नसतो. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस हासलमान यांनी १९७६ साली गणिताने दाखवले की अशा बेताल, किरकोळ देण्याघेण्यातूनही समुद्रात वर्षानुवर्षे टिकणारे चढउतार आपोआप तयार होतात. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखे हे आहे : रोजच्या नोंदी बारीकसारीक असतात, पण बाकी मात्र महिनोन्‌महिने एकाच बाजूला कललेली राहते. हासलमान यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या या कामाचा अर्थ फार खोल आहे. समुद्राच्या प्रत्येक हेलकाव्यामागे एखादे घड्याळ असलेच पाहिजे असे नाही. काही हेलकावे निव्वळ साठवणुकीतून येतात. पुढे जिथे जिथे साठ-सत्तर वर्षांच्या हेलकाव्याची गोष्ट येईल तिथे वाचकाने हासलमान यांची ही ताकीद मनात ठेवावी.

उष्णता समुद्रातून हवेत जाते तिचा सर्वांत मोठा वाटा बाष्पीभवनाचा. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जाते. एका चौरस मीटर समुद्रावरून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडाले, म्हणजे पाच लिटर, तर ती रात्रंदिवस सुमारे १४० वॅटची गळती झाली. ही उष्णता तिथल्या तिथे हवा तापवत नाही. वाफेत दडून ती वाऱ्याबरोबर निघते आणि जिथे वाफेचे ढग होतात तिथे मोकळी होते. घाटमाथ्यावर किंवा पावागडच्या डोंगरावर पाऊस कोसळतो तेव्हा शेकडो कोसांवरच्या समुद्राने गमावलेली उष्णता आपल्या डोक्यावरच्या हवेत उतरत असते.

अरबी समुद्र याचे उत्तम उदाहरण आहे. एप्रिल-मे महिन्यांत त्याचा पृष्ठभाग ३० अंशांच्याही वर जातो. मग मृगाच्या आगेमागे सोमालियाच्या किनाऱ्याजवळून नैर्ऋत्येचा जोरदार वारा सुटतो. तो पाणी घुसळतो, खालचे गार पाणी वर आणतो, बाष्पीभवन वाढवतो आणि ढगांची सावली समुद्रावर धरतो. उत्तर गोलार्धाच्या ऐन उन्हाळ्यात तिथले बहुतेक समुद्र तापत असताना हा समुद्र जून ते ऑगस्टमध्ये दोन-तीन अंशांनी निवतो. आपला पाऊस म्हणजे या निवण्याची दुसरी बाजू.

त्या वाफेचा हिशेब कोणी कसा मांडला, ही गोष्टही वाचण्यासारखी आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू असताना मुंबईत कुलाब्याला तिचे हवामान केंद्र होते. त्या नोंदींवरून पी. आर. पिशारोटी यांनी असे मांडले की पश्चिम किनाऱ्यावर येणारी वाफ मुख्यतः अरबी समुद्राचीच. १९७३ साली पुण्याच्या साहा आणि बावडेकर यांनी अधिक नोंदी घेऊन तोच हिशेब केला, तेव्हा मोठा वाटा विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून येतो असे निघाले. म्हणजे आपल्या अंगणात पडणाऱ्या पाण्याचा उगम कोणत्या समुद्रात, यावरही मतभेद झाले आणि मोजमाप सुधारत गेले तसे उत्तर बदलले. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली ती याच मोहिमेच्या पोटी.

आता दूरचे समुद्र. उत्तर अटलांटिकचे पाणी विसाव्या शतकाच्या आरंभी गार होते, १९२५-३० पासून १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत गरम राहिले, मग १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पुन्हा गार, आणि १९९५ पासून गरम. मधल्या रेषेपासून वरखाली सुमारे ०.२ अंश. १९९४ साली श्लेझिंगर आणि रामनकुट्टी यांनी या चढउताराला ६५ ते ७० वर्षांची आवर्तने असल्याचे दाखवले. वर दिलेल्या दुष्काळांच्या झुंडी या चढउताराशेजारी ठेवून पाहा. अटलांटिक गार तेव्हा आपल्याकडे दुष्काळ दाट, गरम तेव्हा विरळ. हा योगायोग की संबंध? हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली त्यातली साखळी सुचवली. उत्तर अटलांटिक गरम असला की युरोप-आशियावरची वरची हवा उन्हाळ्याअखेर अधिक ऊबदार राहते, जमीन आणि हिंदी महासागर यांवरच्या हवेतला फरक टिकतो आणि पावसाळा रेंगाळतो. म्हणजे अटलांटिकचा हात मृगापेक्षा हस्ताच्या पावसावर अधिक. मला ही साखळी पटते, कारण ती पाऊस किती पडला एवढेच सांगून थांबत नाही, पावसाळ्याच्या कोणत्या टोकाला फरक पडेल तेही सांगते. तपासता येण्याजोगे विधान करते.

प्रशांत महासागराचा हेलकावा वेगळ्याच वाटेने सापडला. अलास्काच्या किनाऱ्यावर सामन माशाची पैदास काही दशके भरघोस आणि काही दशके मंद का, हे शोधताना स्टीवन हेअर यांनी १९९६ च्या सुमारास या हेलकाव्याला नाव दिले. १९४७ ते १९७६ गार बाजू, १९७७ नंतर काही काळ गरम. पुण्याचे आर. कृष्णन आणि जपानचे सुगी यांनी २००३ साली दाखवले की या महासागराचा गरम टप्पा चालू असताना एल निनो, म्हणजे विषुववृत्ताजवळचे प्रशांताचे पाणी एकाएकी तापण्याची घटना, आला तर भारतातला पाऊस अधिक मारला जातो. एल निनो दर दोन-सात वर्षांनी येणारा पाहुणा. त्याच्या खाली हा संथ हेलकावा त्याचा जोर वाढवतो किंवा बोथट करतो.

हे ध्यानात घेतले की गिल्बर्ट वॉकर यांची गोष्ट वेगळी दिसू लागते. केंब्रिजचा हा गणिती १९०४ साली भारतीय हवामान खात्याचा प्रमुख झाला आणि १९२४ पर्यंत राहिला. छप्पनियाच्या जखमा ओल्या होत्या आणि पुढचे दुष्काळ येतच होते. वॉकरनी जगभरच्या दाबाच्या, तापमानाच्या, पावसाच्या नोंदी गोळा केल्या, कारकुनांच्या फौजेकडून सहसंबंध काढून घेतले, आणि प्रशांत व हिंदी महासागरांवरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होतो हे शोधून त्याला ‘दक्षिणी दोलन’ म्हटले. पण अंदाजाची जी सूत्रे त्यांनी बसवली ती पुढच्या दशकांत लटकी पडत गेली, आणि त्यांच्या पद्धतीवरच अनेकांचा विश्वास उडाला. आज आपल्याला दिसते की १९२० ते १९६० या काळात एल निनो आणि आपला पाऊस यांचे नातेच सैल झाले होते. नंतर ते पुन्हा आवळले, आणि १९९०च्या दशकात पुन्हा सैल झाले : १९९७ साली शतकातला एक बलाढ्य एल निनो असूनही भारतात पाऊस सरासरीइतका पडला. वॉकरनी नियम शोधले ते हेलकाव्याच्या एका बाजूला उभे राहून. त्यात त्यांचा दोष नव्हता. वीस वर्षांची नोंद हातात धरून ठाम बोलणाऱ्या आजच्या प्रत्येकाने मात्र ही गोष्ट वाचावी.

एक प्रकरण मी पूर्णपणे मोजमापाला दिले आहे आणि ते कंटाळवाणे वाटले तरी ओलांडू नये अशी विनंती आहे. एकोणिसाव्या शतकात समुद्राचे तापमान घेण्याची रीत अशी : चालत्या जहाजावरून दोराने बादली सोडायची, पाणी वर ओढायचे, त्यात तापमापक बुडवून काही मिनिटे थांबायचे आणि आकडा रोजनिशीत लिहायचा. बादली लाकडी असे तोवर फारसे बिघडत नव्हते. कॅन्व्हासची आली तेव्हा ओल्या कापडातून पाणी झिरपे, वाऱ्याने उडे आणि बादलीतले पाणी वाचन होईपर्यंत निवे. ज्या बाष्पीभवनाने समुद्र निवतो त्यानेच ही बादलीही निवत होती. चूक अंशाच्या काही दशांशांची, म्हणजे ज्या हेलकाव्याचा आपण शोध घेतो आहोत त्याच्याच मापाची. दुसऱ्या महायुद्धात पुष्कळशा नोंदी अमेरिकी जहाजांवरून, इंजिनात घेतलेल्या पाण्यावरून झाल्या. त्या किंचित गरम. १९४५ च्या उत्तरार्धात ब्रिटिश जहाजे आपल्या बादल्या घेऊन परतली आणि जगाचा समुद्र कागदावर एकाएकी सुमारे ०.३ अंशाने गार झाला. ही तफावत नीट उघडकीला आली ती २००८ साली. आज हजारो आर्गो तरंड्या दोन किलोमीटर खोल बुड्या मारून दर दहा दिवसांनी तापमान कळवतात. पण त्यांची नोंद या शतकाच्या आरंभापासूनची. साठ वर्षांच्या हेलकाव्याचे अर्धेही दर्शन तिला घडलेले नाही.

यातूनच या विषयातला सर्वांत मोठा वाद निघतो आणि तो मी वाचकापासून लपवणार नाही. दीडशे वर्षांच्या नोंदीत साठ-सत्तर वर्षांची आवर्तने दोन-अडीचच मावतात. तेवढ्यावरून त्याला चक्र म्हणावे का? २०१२ साली ब्रिटनमधल्या एका गटाने मांडले की अटलांटिकचा विसाव्या शतकातला चढउतार बराचसा कारखान्यांच्या धुरकट कणांमुळे आणि ज्वालामुखींमुळे असावा. मायकेल मान यांनी या दोलनावर पुष्कळ काम केले होते; २०२० आणि २०२१ साली त्यांनीच लिहिले की असे आंतरिक दोलन असल्याचा पुरावा टिकत नाही, कारखान्यांच्या आधीच्या शतकांतला चढउतार ज्वालामुखींच्या उद्रेकांनी घडवलेला आहे. दुसरा पक्ष अटलांटिकमधल्या खारट, जड होऊन बुडणाऱ्या पाण्याच्या अभिसरणाकडे बोट दाखवतो. माझा कल असा : समुद्राची साठवण खरी, पावसाच्या झुंडीही खऱ्या, त्यांना घड्याळाची नियमितता देणे मात्र घाईचे आहे. म्हणून या पुस्तकात मी ‘चक्र’ टाळून ‘हेलकावा’ लिहितो.

दुसरी गल्लत याहून घातक आहे. ‘हे तर पूर्वीपासूनचे चालत आले आहे, गरम-गार होतच असते’ असे म्हणून आजची तापमानवाढ झटकून टाकणारे लोक याच विषयाचा आधार घेतात. आकडेच त्यांना उत्तर देतात. अटलांटिकचा हेलकावा वरखाली ०.२ अंशाचा. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधातला हिंदी महासागर सरासरी सुमारे १ अंशाने तापला. जगाच्या समुद्रांची वाढ त्याच काळात ०.७. हेलकावा वर जातो तसा खाली येतो, ही वाढ मात्र खाली आलेली नाही. माणसाने वातावरणात अडकवून ठेवलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रात गेली आहे. १९९८ नंतरची काही वर्षे हवेच्या तापमानाची चढण मंदावली होती आणि अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला होता. प्रत्यक्षात प्रशांत महासागर आपल्या हेलकाव्याच्या गार बाजूला होता. व्यापारी वाऱ्यांनी उष्णता खाली ढकलली होती आणि तिचा मोठा वाटा इंडोनेशियाच्या सामुद्रधुन्यांतून आपल्या हिंदी महासागरात उतरत होता. उष्णता नाहीशी झाली नव्हती, आपल्या दाराशी आली होती.

बडोद्यातून समुद्र दिसत नाही. खंभातचे आखात पश्चिमेला, पण शहराचे सगळे लक्ष विश्वामित्रीकडे. ही नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते, आजव्यातून सोडलेले पाणी घेते आणि मगरींसह भर शहरातून वाहते. १९२७ च्या जुलैत गुजरातेत महापूर आला तो भरल्या पावसाच्या काळातला. २०१९ च्या ३१ जुलैला शहरात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरातवर रेंगाळलेल्या तीव्र कमी दाबाच्या क्षेत्राने विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर नेली. धोक्याची खूण २६ फुटांच्या आसपास आहे. लोक गच्च्यांवर दिवस काढत होते, मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या. तेच क्षेत्र जमिनीवरून सरकत कच्छच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरले आणि ३० ऑगस्टला त्याचे ‘असना’ चक्रीवादळ झाले. साधारणपणे असली क्षेत्रे जमिनीवर विरतात. हे समुद्रावर जाऊन बळावले, आणि ऑगस्टात, जेव्हा अरबी समुद्र निवलेला असायला हवा. त्या समुद्रात ऑगस्टचे चक्रीवादळ त्याआधी १९७६ साली झाले होते.

एका पुरावरून हेलकाव्याचा किंवा तापमानवाढीचा निवाडा करता येत नाही, आणि या पुस्तकात तो केलेलाही नाही. पण प्रश्न आता स्पष्ट मांडता येतो. अटलांटिक १९९५ पासून गरम बाजूला आहे. जुन्या मापाने त्याची पाळी बदलायची वेळ दूर नसावी. बदलली तर दुष्काळी वर्षे पुन्हा दाटू लागतील का? की आपल्या समुद्राची वाढलेली ऊब त्यावर मात करील? मला अधिक शक्य वाटते ते दोन्ही एकदम होणे : पावसाचे दिवस कमी, आणि जो पडेल तो अंगावर कोसळणारा. तसे झाले तर आजव्याच्या दरवाजांवर बसणाऱ्या माणसाला एकाच ऑगस्टात पाणी राखायचेही आहे आणि सोडायचेही. त्याच्यापुढे असलेल्या तक्त्यात कोणत्या वर्षांची सरासरी छापलेली आहे, हे पाहण्यापासून पहिले प्रकरण सुरू होते.